चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ‘कॉम्प्युटर’ गेला असं नव्हे

गेल्या पावसाळ्यात इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारात उभी असलेली आमची २००८ सालची पेट्रोल गाडी एका सकाळी विचित्र वागायला लागली. सेल्फ मारला की सुरू व्हायची, दोन-चार मिनिटं नीट चालायची, मग डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा आणि पिकअप जायचा. अम्मींना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी उभी ठेवून चालण्यासारखं नव्हतं. एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, स्क्रीनवर एकदम सहा कोड आले आणि दोन मिनिटांत त्याने सांगून टाकलं, “सर, कॉम्प्युटर गेला. अठरा हजार लागतील.”

गाडीचीच किंमत आता साठ-सत्तर हजार. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. संध्याकाळी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी, जो आता गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, मीटर घेऊन आला. त्याने कॉम्प्युटरला हातही लावला नाही. बोनेट उघडून इंजिनवर बोल्टने आवळलेली एक बारीक काळी वायर दाखवली. तिच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. टोक कापलं, नवीन लग लावला, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली. खर्च अडीचशे रुपये, त्यात त्याने दोनशे घ्यायला नकार दिला ते वेगळंच. सहाच्या सहा कोड गेले, ते आजपर्यंत परत आले नाहीत.

जुनी गाडी बाळगणारी बरीच कुटुंबं आपल्यात आहेत. हप्ते फिटलेले असतात, गाडी वडिलांच्या वेळची असते, नवी घेण्याची ऐपत लगेच नसते. अशा घरांना ‘कॉम्प्युटर गेला’ हे वाक्य फार महागात पडतं. म्हणून आम्हाला जे कळलं ते इथे एकत्र मांडतो आहोत.

हा कॉम्प्युटर असतो तरी काय

गॅरेजात ज्याला कॉम्प्युटर म्हणतात त्याचं नाव ईसीएम किंवा ईसीयू. ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची वहीएवढी पेटी, बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. आत एक मुख्य चिप, हिशेब साठवणारी मेमरी चिप, आणि इंजेक्टर, कॉइल वगैरेंना चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काही नव्हतं. भारतात प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे कार्ब्युरेटर गेले आणि २००० सालाच्या आसपास ‘एमपीएफआय’ हा शब्द गाडीच्या पाठीमागे दिसायला लागला. त्याचा अर्थ इतकाच की पेट्रोल किती सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवतो. तो हे ठरवतो सेन्सरांच्या भरवशावर. इंजिनचं पाणी किती गरम आहे, हवा किती आत येते, ॲक्सिलरेटर किती दाबला, क्रँक कुठे आहे, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरला. बहुतेक सेन्सरांना तो पाच व्होल्ट देतो आणि त्यातले किती परत आले ते मोजतो. परत आलेला आकडा शक्य त्या मर्यादेबाहेर गेला की तो कोड साठवतो आणि दिवा लावतो.

१ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज चार लागू झालं. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरं त्यात होती. त्या नियमांबरोबर गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखण्याची व्यवस्था, म्हणजे ओबीडी, सक्तीची झाली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा, अधिक बारीक टप्पा आला. अमेरिकेत हीच प्रमाणित व्यवस्था १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची आहे. तारखा सांगायचं कारण व्यवहारातलं आहे. तुमची गाडी २०१० पूर्वीची असेल तर ती आजच्या प्रत्येक स्कॅनरशी बोलेलच असं नाही. तिच्यात १६ खिळ्यांचं सॉकेट असलं तरी आतली बोली कंपनीची खाजगी असू शकते. मोबाइलवर ‘जोडणी झाली नाही’ असं आलं की घाबरू नका. त्याचा अर्थ कॉम्प्युटर मेला असा होत नाही.

त्याहून जुन्या काही गाड्यांत स्कॅनरशिवाय कोड वाचता येतात. ठरावीक दोन टोकं वायरने जोडली की चेक इंजिनचा दिवाच मोर्ससारखा लुकलुकतो. एक चमक, थोडा थांबा, दोन चमका म्हणजे १२. सुझुकीच्या जुन्या पद्धतीत १२ म्हणजे ‘काही दोष नाही’. पण कुठली दोन टोकं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय असले प्रयोग करू नयेत.

कोड वाचायचा कसा

पी०११८ असा कोड घ्या. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. बी असेल तर बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगचा भाग, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांमधला आपसातला संपर्क. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खास. अशा वेळी इंटरनेटवर कुठल्याही यादीत अर्थ शोधू नका, आपल्या गाडीचीच यादी लागते. तिसरा आकडा भाग सांगतो: एक आणि दोन इंधन-हवा, तीन इग्निशन, चार प्रदूषण नियंत्रण, पाच आयडलिंग आणि वेग, सहा खुद्द कॉम्प्युटर, सात-आठ गिअरबॉक्स.

आता मुख्य गोष्ट. उर्दूत आपण गवाही आणि फैसला यांत फरक करतो, मराठीत साक्ष आणि निकाल. कोड ही साक्ष आहे. पी०११८ असं म्हणत नाही की ‘पाण्याचा सेन्सर खराब आहे, बदला’. तो इतकंच म्हणतो की पाण्याच्या तापमानाच्या सर्किटमधून व्होल्टेज फार जास्त येतं आहे. सेन्सर आतून तुटला तरी असंच येईल, वायर तुटली तरी, कपलर निघाला किंवा आत गंज चढला तरी. त्याचा जुळा भाऊ पी०११७ उलट सांगतो: व्होल्टेज फार कमी, म्हणजे बहुधा सेन्सर किंवा वायर कुठेतरी अर्थला शॉर्ट.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर काढा आणि स्कॅनरवर तापमान बघा. बऱ्याच गाड्यांत ते उणे ४० दिसेल. मग कपलरच्या दोन टोकांत बारीक वायरचा तुकडा घाला; आकडा एकदम वर, शंभराच्या पुढे जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग ठीक, कॉम्प्युटरही ठीक, दोष सेन्सरचा. दुसरी गोष्ट झाली नाही तर नवा सेन्सर घालून काही उपयोग नाही. (काही गाड्या दोष सापडताच खरा आकडा लपवून ठरावीक आकडा दाखवतात आणि रेडिएटरचा पंखा सतत चालू ठेवतात, हेही ध्यानात असू द्या.) खुद्द सेन्सर मीटरने मोजायचा तर २० अंशाला साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशाला तीनशे-सव्वातीनशे ओहमच्या आसपास, असा हिशेब अनेक गाड्यांत लागू पडतो. वायरच्या तुकड्याची ही युक्ती फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरवर करायची. तीन वायरच्या सेन्सरवर केलीत तर पाच व्होल्टची लाइन शॉर्ट होईल.

मिसिंगचे कोड यापेक्षा सोपे. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे एकच असा सांगता येत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर प्लग अदलाबदल करून बघा. नवीन कॉइल विकत घेण्याआधी करायची ही फुकटची परीक्षा आहे, आणि ती न करता चारही कॉइल बदललेली माणसं आम्ही पाहिली आहेत. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र गाडी पळवू नका. ओबीडीच्या गाड्यांत याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातंय आणि तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतोय.

पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. गाडी गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, ही त्याची नेहमीची खूण. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा; इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. याचं कारण बहुतेक वेळा चिरलेला रबरी पाइप, चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पेट्रोल पंप असतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन सोडावं लागतं, त्यामुळे आधीच काठावर असलेली जुनी गाडी हा कोड दाखवू शकते. पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, पण आधी सायलेन्सर कुठे गळतोय का ते पाहा.

खारी हवा आणि अर्थिंग

भाईंदर हे मिठागरांचं गाव. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. इंद्रलोकमध्ये टॉवर उभे राहिले तरी हवा तीच आहे. कपाटातली भांडी, खिडकीचे गज इथे किती लवकर गंजतात ते घरातल्या बायकांना विचारा. गाडीच्या वायरच्या टोकांचंही तेच होतं, फक्त ते दिसत नाही.

कॉम्प्युटरचा सगळा हिशेब पाच व्होल्टच्या मापावर चालतो. अर्थिंगच्या टोकाला गंज बसून अर्धा व्होल्ट अडकला तर त्या मापात दहावा हिस्सा चुकला. मग एक नाही, एकाच वेळी अनेक सेन्सर खोटे बोलायला लागतात आणि स्क्रीनवर सहा कोड येतात. आमच्या गाडीत झालं ते हेच. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एका रात्रीत मेले असं समजू नका. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. सामाईक असते अर्थिंग, पाच व्होल्टची लाइन किंवा बॅटरी.

तपासणी अशी. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर चालतो. लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी: बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. त्यानंतर इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. हीच तपासणी कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या टोकावर करा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सापडला.

सीएनजी असेल तर

आपल्या भागात जुन्या गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असणं नेहमीचं. किट बसवणारा कारागीर इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये एमुलेटर घालतो, म्हणजे गॅसवर चालताना कॉम्प्युटरला वाटावं की पेट्रोलचे इंजेक्टर चालूच आहेत. काही जण क्रँक सेन्सरच्या वायरीत टायमिंग पुढे करणारी छोटी पेटी जोडतात. हे सगळे सांधे टेपने गुंडाळलेले असतात आणि दहा वर्षांनी टेपचा डिंक सुटतो. त्यामुळे सीएनजीच्या गाडीत पी०२०१ ते पी०२०४ (इंजेक्टर सर्किट), पी०१७१, पी०१७२ किंवा पी०३३५ आला तर पहिला संशय या सांध्यांवर. एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडतं: दोष पेट्रोलवर येतो, गॅसवर येतो की दोन्हीवर? फक्त गॅसवर येत असेल तर गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला दोष देणं चूकच.

स्वस्त स्कॅनर

ब्लूटूथचे काही शे रुपयांचे स्कॅनर ‘ईएलएम ३२७’ या नावाने विकले जातात. मूळ चिप ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडाच्या कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारातले बहुतेक नकला आहेत. पेटीवर ‘आवृत्ती १.५’ लिहिलेलं असेल तर नक्कलच, कारण मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरी २०१३ नंतरच्या गाडीत कोड वाचण्यापुरतं हे यंत्र कामाला येतं. गॅरेजात जाण्याआधी स्वतः कोड वाचून वहीत लिहून ठेवा, सोबत तारीख, गाडी गरम होती की थंड, एसी चालू होता का. बॅटरीची वायर काढून कोड पुसण्याची सवय वाईट. कोडसोबत त्या क्षणीची नोंद आणि कॉम्प्युटरने शिकलेलं आयडलिंगही पुसलं जातं, मग नंतर तपासणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

मग कॉम्प्युटर गेला असं केव्हा मानायचं

जातो, तोही जातो. पण क्रम असा आहे. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? लागत नसेल आणि स्कॅनरही बोलत नसेल तर आधी फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग. कॉम्प्युटरपर्यंत वीज पोचतेय का ते त्याच्या कपलरवर मोजलंच पाहिजे. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ नंबरला अर्थ हवा. वीज-अर्थ ठीक, पण सेन्सरला पाच व्होल्ट येत नाहीत? मग सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट होता आणि त्याने सगळी लाइन खाली ओढली होती. ही एक परीक्षा न केल्यामुळे किती चांगले कॉम्प्युटर भंगारात गेले असतील ते अल्लाहलाच माहीत.

आत जाणारं सगळं बरोबर आणि बाहेर येणारं चुकीचं, हे मोजून सिद्ध झालं तरच कॉम्प्युटर दोषी. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड त्याच्या स्वतःच्या मेमरी-प्रोसेसरचे आहेत. तेही आधी बॅटरी नीट करून, पुसून, परत येतात का बघावं.

आणि तो का गेला हे कळल्याशिवाय दुसरा लावू नये. उलटे जंप केबल, बॅटरी न काढता बॉडीवर केलेलं वेल्डिंग, आत गेलेलं पाणी, किंवा शॉर्ट झालेली कॉइल वा आयडलिंगची मोटर. शेवटचं कारण असेल आणि कॉइल तशीच ठेवली तर नव्या कॉम्प्युटरचा ट्रान्झिस्टरही जळणार, अठराचे छत्तीस हजार होणार.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने ईसीएम मिळतात, बऱ्याच कमी पैशांत. घेताना लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. गाडीला इमोबिलायझर असेल, म्हणजे चावीत चिप असेल, तर दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून इंजिन सुरूच होणार नाही; चावीची ओळख बहुधा आतल्या आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असते. जाणकार कारागीर ती माहिती जुन्यातून नव्यात उतरवून देतो. त्यामुळे जळका ईसीएम गॅरेजात सोडून येऊ नका, मागून घ्या. कित्येकदा तो दुरुस्तही होतो: फुगलेला कपॅसिटर, सुटलेला सोल्डर, एखादा जळका ट्रान्झिस्टर. मुख्य चिप मरण्याचं प्रमाण यापेक्षा कमी असतं.

हे काम आमच्या त्या विद्यार्थ्याने आयटीआयमध्ये शिकलं. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीला त्याला विज्ञानात जेमतेम गुण होते, ओहमचा नियम आम्हीच त्याला फळ्यावर शिकवला होता आणि त्याला तो कळला नाही असं आमचं ठाम मत होतं. गॅरेजात लागलेल्या आपल्या मुलांपैकी पुष्कळ हुशार आहेत. उस्ताद सांगेल तो पार्ट बदलण्यापलीकडे त्यांना मीटर धरायला कुणी शिकवलेलं नसतं.

पाणी शिरलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई आणि उपनगरांत हजारो गाड्या बुडाल्या. तसा पाऊस दरवर्षी येत नाही, पण गुडघाभर पाणी आपल्या रस्त्यांवर बहुतेक पावसाळ्यांत साचतं. पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर चावी ऑन करूनही बघू नका. ओला ईसीएम वीज नसताना सहसा जगतो. वीज मिळाली की ओल्या पायांमधून करंट फिरतो आणि तांबं खाऊन टाकतो. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, मग ईसीएम बाहेर काढून उघडा, पाणी गढूळ किंवा खारं असेल तर जाणकाराकडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या आणि पूर्ण सुकू द्या. गाडी टो करूनच न्या. विम्याचा दावा करायचा असेल तर पाण्याची खूण दिसेल असे फोटो आधी काढा. सेल्फ मारून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च अनेकदा नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. आमच्या पॉलिसीत ते नव्हतं. यंदा नूतनीकरणाच्या वेळी विचारलं, तर गाडी फार जुनी झाल्यामुळे आता ते मिळत नाही असं उत्तर आलं. तेव्हा ईसीएमच्या कपलरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घेतलं आणि जूनपासून गाडी सोसायटीच्या उंच बाजूला लावतो.